शिवअप्पाची सुतळी

शिवअप्पाने जन्मात माशाला हात लावला नाही आणि माझ्याबरोबर कित्येक वर्षं मासेमारीच्या होडीत बसला. जाळं वर यायला लागलं की तो माझ्याकडे पाठ करायचा, गळ्यातलं लिंग सदऱ्याच्या आत सारायचा आणि तोंड सोडायचा. "हात चालव की भोया! घरी बायकू जेवायला थांबली न्हाई तुझी!" माझं नाव त्याला ठाऊक होतं. त्याने ते एकदाही घेतलं नाही.

येलदरीच्या धरणात त्याचं गाव बुडालं. घर गेलं, मळा गेला, पलीकडच्या काठावर जमिनीचा एक तुकडा तेवढा उरला. तिथे जायला-यायला त्याने लाकडी होडी करून घेतली, पण त्याला वल्हं मारता येईना. मी गंगाखेडकडचा भोई, पोटासाठी धरणावर आलेला, आणि माझ्याकडे होडी नव्हती. मी त्याला शेतावर पोचवायचं आणि त्याच्या होडीतून जाळं टाकायचं, असं ठरलं. होडी माझ्या एकट्याच्या ताब्यात द्यायला मात्र तो तयार नव्हता. म्हणून तो लिंगायत माणूस माशांच्या वासात नाकाला उपरणं लावून दिवसभर बसून राहायचा. मला तो आवडत नव्हता. त्याला तर मी मुळीच खपत नव्हतो.

पहिलं भांडण लंगरावरून झालं. आम्ही नदीवरची माणसं लंगराच्या वरच्या कडीला दोर बांधतो. मी तसा बांधला आणि अप्पाने तो माझ्यासमोर सोडून टाकला.

"खाली काय हाय, ठावं हाय का तुला? माझं गाव हाय खाली. भिंती हायत, बाभळीची खोडं हायत. अडकला तर काय तुझा बाप काढणार हाय का?"

मग त्याने लंगर उलटा धरला. खाली जिथे चारही आकडे एकत्र येतात, त्या बुडाला दोर पक्का बांधला. दोर दांड्याला लावून वर आणला आणि कडीशी नुसत्या सुतळीने आवळला. एरवी ओढ कडीवरच बसते आणि लंगर नीट धरतो. पण तो कुठे रुतला, की दोराला जोराचा हिसका द्यायचा. सुतळी तुटते, ओढ बुडावर जाते आणि लंगर उलटा होऊन आकड्यांच्या बाजूने सुटून येतो. मी नवी नायलॉनची दोरी पुढे केली तर ती त्याने पाण्यात भिरकावली. "ही तुटंल का? अक्कल गहाण ठिवून आलास का? सुतळी मरायसाठीच बांधायची असती. ती मेली न्हाई तर आपुन मरतो."

रोज सकाळी तो सुतळी बदलायचा. बोटाला गुंडाळून ओढून बघायचा आणि जास्त चिवट वाटली तर तिचा एक पदर दातांनी सोडायचा. धरणावरचे बाकीचे लोक हसले, आणि त्यांचे लंगर बुडालेल्या गावाच्या भिंतींत एकेक करून अडकून राहिले तेव्हा गुपचूप अप्पासारखे बांधू लागले. अप्पाने त्यांनाही शिव्याच दिल्या.

ती नामांतराच्या गडबडीची वर्षं होती. उन्हाळ्यात एकदा बंद पुकारला गेला, एसट्या थांबल्या. मासे जिंतूरला जाणार नव्हते, म्हणजे जाळं टाकण्यात अर्थ नव्हता. मी घरी निघालो तर अप्पाने हाक मारली.

"होडी काढ."

"कशाला अप्पा?"

"होडी माझी हाय. काढ म्हणलं की काढायची."

त्याने मला कधी नेलं नव्हतं अशा बाजूला नेलं. काठावरच्या टेकडीचं टोक आणि धरणाचा मनोरा पुन्हा पुन्हा बघत, डावीकडे, उजवीकडे करत त्याने होडी थांबवली. पाणी उतरलं होतं, तरी तळ दिसत नव्हता. लंगर टाकताना माझं लक्ष कडीकडे गेलं. सुतळीच्या जागी नायलॉनचे तीन-चार वेढे होते.

"अप्पा, ही तुटायची न्हाई."

"आज तुटू नये."

बऱ्याच वेळाने, माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "खाली मळ्यातली हीर हाय. हिरीच्या अंगाला माझी बायकू हाय." लिंगायतांत माणसाला पुरतात. धरण भरलं तेव्हा गाव हललं, ती मागे राहिली. मला काही फार दया आली असं नाही, पण मी वल्ही आत ओढून ठेवली.

दुपारी वारा सुटला. लाटा उठल्या, लंगर विहिरीच्या कठड्यात पक्का अडकला आणि ताणलेल्या दोराने होडीचं तोंड खाली दाबलं. पाणी आत यायला लागलं. मी हिसके दिले. काही तुटलं नाही, तुटणारही नव्हतं. मी विळा काढला तसा अप्पा माझ्या अंगावर आला.

"दोराला हात लावू नको! पाया पडतो, पन लावू नको!"

शिव्या देणारा तो माणूस रडत होता. मी त्याला लाथेने मागे ढकललं आणि दोर कापला. आजही कापीन.

काठावर पाय लागताच त्याने सगळ्या होडीवाल्यांसमोर तोंड सुरू केलं. "ह्यो म्हणं भोई! वाऱ्याला भिऊन माझा लंगर बुडवला यानं!" माणसं हसली. त्यांतल्या सगळ्यात जुन्या होडीवाल्याने, धोंडिबाने, मला विचारलं, "अप्पाच्या लंगराला दोर कशाला कापाया लागतोय? सुतळी तुटली न्हाई व्हय?"

मी अप्पाकडे पाहिलं. तो माझ्याकडे रोखून बघत होता. खरं सांगितलं असतं तर मी सुटलो असतो, आणि म्हातारा मेलेल्या बायकोसाठी होडी बुडवत होता म्हणून काठ वर्षभर हसला असता. मला शिव्या पुष्कळ येत होत्या, पण हे तोंडातून निघेना.

"हिसका द्यायचं सुचलंच न्हाई," मी म्हणालो. "भ्यालो."

त्यानंतर मला कुणी होडीवर घेईना. भित्रा भोई म्हणून नाव झालं. मी सायकलवर पाटी बांधून गावोगाव मासे विकत फिरलो. अप्पा रस्त्यात दिसला की थुंकायचा. त्याने एका शब्दानेही माझं नाव साफ केलं नाही. त्याचा मला राग होता, अजून आहे.

अप्पा गेल्याचं कळलं तेव्हा मी मातीला गेलो नाही. काही दिवसांनी त्याचा मुलगा बसवंत दारात येऊन उभा राहिला. आई गेली तेव्हा तो पाळण्यात होता.

"काका, बाबांनी जाताना एक सांगितलं. म्हणले, तुझ्या आईची जागा त्या लक्ष्मण भोयाला ठावं हाय. सरळ बोलायचा न्हाई, पन खोटं दावायचा न्हाई."

मी कुणाची तरी होडी मागून आणली. टेकडीचं टोक आणि मनोरा एका ओळीत आल्यावर बसवंतला म्हणालो, "हितं." त्याने वाकून पाण्यात हात बुडवला. मी लंगर टाकला नाही. तो उठेपर्यंत दोन्ही वल्ह्यांवर होडी धरून ठेवली.