रिव्होलीच्या दारावरचे दत्ताजीराव

बडोद्याला सयाजीगंजात, स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर, पूर्वी हॉटेल रिव्होली होते. आज तिथे मोबाइलची दुकाने आहेत. दत्ताजीराव जगदाळे त्या हॉटेलच्या दारावर १९७१ पासून ते बंद पडेपर्यंत, म्हणजे एकवीस वर्षे उभे होते. आजोबा संस्थानच्या फौजेत होते. नातवाच्या डोक्यावर लाल फेटा आला तो हॉटेलचा. आता ते सुभानपुऱ्यात, आमच्याच सोसायटीत तळमजल्यावर एकटे राहतात.

रिव्होलीच्या शनिवारच्या संध्याकाळी मी त्यांच्याकडून इतक्या वेळा ऐकल्या, की आपण तिथे होतो असे मला वाटू लागले. सात वाजता हॉलमध्ये बँड सुरू व्हायचा. राज्यात दारूबंदी, म्हणून टेबलांवर लिंबूसोडा. दारूचे परमिट असलेले वरच्या एका खोलीत जाऊन येत आणि खाली आल्यावर जरा जास्तच टाळ्या वाजवत. रिफायनरीवर आलेले परदेशी इंजिनिअर घाम पुसत नाचत. बाहेर टांग्यांची रांग, गजरेवाल्या, सेव-उसळीची गाडी. आणि आत येणे न परवडणारे कॉलेजकुमार खिडकीखाली उभे राहून फुकट गाणी ऐकत.

"तुम्ही त्यांना हाकलत नव्हता?" मी एकदा विचारले.

"का हाकलायचं? तेच नीट ऐकायचे. आतले जेवत असायचे."

कोण कोणाबरोबर आले, हे मात्र त्यांनी कधी सांगितले नाही. "दारावर सगळं दिसतं, साहेब. दिसलेलं तिथंच ठेवून घरी जायचं, ही नोकरी."

शनिवारी मिस मोना गायची. मोना म्हणजे आपल्याच मराठी घरातली कांचन. (हेही तिचे खरे नाव नव्हे, या वेळी मी काळजी घेतली आहे.) दिवसा ती मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. वडील अंथरुणाला खिळलेले, पाठची दोन भावंडे शिकत होती. ती स्वयंपाकघराच्या दाराने येई, सुती साडी बदलून गाई आणि पुन्हा तीच साडी नेसून टांग्यात बसे. टांग्यामागे सायकलवरून दत्ताजीराव तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जात. जाताना फेटा काढून पिशवीत ठेवत, कारण रिव्होलीचा फेटा गावभर ओळखीचा होता. चार वर्षांनी तिचे लग्न ठरले. शेवटच्या शनिवारी ती म्हणाली, "दत्ताजी, हे तुमच्या-माझ्यातच राहू द्या."

"माझ्यात कसलं? मी काही पाहिलंच नाही," ते म्हणाले.

गेल्या वर्षी रिव्होलीच्या मालकांचा नातू मयंक गोत्रीत त्याच नावाचे रेस्टॉरंट काढत होता. भिंतीसाठी त्याला जुने फोटो हवे होते. दत्ताजीरावांकडे बिस्किटाच्या डब्यात एकतीस होते. मीच गाठ घालून दिली. त्यांची अट एकच: मोनाचा फोटो लावा, पण ती मोनाच राहील. मयंक म्हणाला, "पक्कुं, दादा."

फोटो क्रमवार लावून मयंककडे देण्याचे काम मी अंगावर घेतले. नाव-तारीख नसलेला कागद हातावेगळा करणे मला जमत नाही. छत्तीस वर्षांची ऑफिसची सवय. दत्ताजीराव एकेक फोटो उचलून सांगत गेले, मी मागे पेन्सिलीने लिहीत गेलो: कोण, प्रसंग, साल. मोनाचा फोटो हातात आल्यावर त्यांनी तिचे खरे नाव सांगितले. पन्नास वर्षांत एका माणसाला सांगितले. ते चहा ठेवायला आत गेले आणि मी तेही लिहिले, शाळा आणि विषयासकट. ओळ रिकामी राहिली असती. फोटोबरोबर त्याची मागची बाजूही जाते, हे माझ्या लक्षात आले नाही.

उद्घाटनाला आम्ही स्कूटरवरून गेलो. दारातच त्यांच्या डोक्यावर भाड्याचा लाल फेटा ठेवला गेला. पाऊण तास ते लोकांच्या सेल्फीत उभे राहिले, हसतमुखाने. मग आम्ही आत गेलो. मोनाचा फोटो सगळ्यांत मोठा होता. खाली सोनेरी अक्षरांत तिचे पूर्ण नाव, शाळेचे नाव, विषय गणित. एक प्रौढ बाई नवऱ्याला सांगत होती, "अहो, या आम्हाला शिकवायच्या. काय मार खाल्लाय पाढ्यांवरून."

दत्ताजीरावांनी फेटा काढून काउंटरवर ठेवला. "मयंकभाई, नाव काढा."

"दादा, पाछळ लखेलुं हतुं ने," मयंक म्हणाला. मागे लिहिलेले होते. "आणि यात वाईट काय आहे? बघा ना, लोकांना किती आवडतंय."

पाटी चौथ्या दिवशी निघाली. तोवर तो फोटो गावभर मोबाइलवर फिरला होता.

दत्ताजीरावांनी मला गोत्रीला, कांचनबाईंच्या घरी न्यायला सांगितले. मुलगा पीयूष दार उघडून बाजूला झाला. बाई झोपाळ्यावर बसल्या होत्या. आतल्या खोलीचे दार बंद होते.

"हे दोन दिवस जेवले नाहीत," त्या म्हणाल्या. "गायलीस त्याचं काही नाही म्हणतात. पन्नास वर्षं सांगितलं नाहीस, म्हणतात." मग त्यांच्याकडे पाहून, "दत्ताजी, तुम्ही एकटेच जाणत होता."

"हो," दत्ताजीराव म्हणाले. "माझ्याच तोंडून गेलं."

पीयूषने आणलेला पाण्याचा पेला माझ्या हातात होता. मी पाणी प्यायलो.

बाईंनी त्यांना पुन्हा या म्हटले नाही. परतताना सिग्नलला स्कूटर थांबली, तेव्हा मागून दत्ताजीरावांनी विचारले, "फोटोमागे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"ते मी समजू शकतो. आत्ता तिथे का बोलला नाहीत?"

सिग्नल सुटला, मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवू लागला, आणि मी त्याचा आडोसा घेऊन गाडी पुढे काढली. सोसायटीच्या अलीकडच्या कोपऱ्यावर त्यांनी खांद्यावर हात ठेवून थांबायला सांगितले. उतरले आणि "जय श्रीकृष्ण" म्हणाले. तसे ते दूधवाल्याला म्हणतात, कुरिअरवाल्यालाही. मला ते नेहमी "येतो, साहेब" म्हणत.

आता इमारतीच्या दाराशी भेटलो की ते आधी मला जाऊ देतात, दार धरून.