विलासने सकाळी दिलेली बॅग

हे मी लिहावं का, इथूनच शंका आहे. लिहिणारी माणसं वेगळी असतात. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलं नाही. वडील ठाण्यातल्या एका कारखान्यात फिटर, आई मासळी बाजारात बसते, घर खाडीकाठच्या कोळीवाड्यात. आमच्याकडे छापील कागद यायचा तो बोंबील बांधायला. तेव्हा माझ्या लिहिण्यातल्या चुका पोटात घाला. ज्या चुकीसाठी हे लिहायला बसलोय, तिच्याबद्दल तसं म्हणायची माझी हिंमत नाही.

ही गोष्ट मी कधीच कोणाला सांगितली नाही. आईला नाही, वडिलांना नाही, मित्रांना तर नाहीच. एकदा सांगायला घेतली होती — पण मग अर्ध्यावर दुसरंच काहीतरी बोललो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल.

मी शेवटच्या वर्षाला होतो. प्रोजेक्टसाठी ठाण्यातल्या एका छोट्या कंपनीत जात होतो. कारखान्यांच्या वजनकाट्यांना जोडायचं सॉफ्टवेअर ते बनवायचे, आणि त्यातला एक भाग मी लिहिला होता. सबनीस साहेब मालक. बोलणं मोजकं, शिस्त कडक. माझ्या प्रोजेक्टवर सही त्यांची लागणार होती. ती मिळाली नाही तर वर्ष गेलं — आणि आमच्यासारख्या घरात गेलेलं वर्ष परत मिळत नाही.

तिथे विलास होता. माझ्याहून थोडा मोठा, आयटीआय केलेला, सगळी मशीन त्याच्या ताब्यात. राहायचा खडवलीला. मला कंपनीत पहिल्यांदा कोणी 'बस' म्हटलं असेल तर त्याने. मी जे काही शिकलो त्यातलं निम्मं त्याच्या टेबलाशी उभं राहून शिकलो. मी चुकलो की म्हणायचा, "इंजिनीअर, वायर तरी लावलीस का?" आणि स्वतःच हसायचा. दिवाळीनंतर साहेब त्याला कायम करणार होते. कायम झाला की टिटवाळ्याला नवी बिल्डिंग उठत होती तिथे खोली बघायची आणि आई-बहिणीला तिकडे आणायचं, असं त्याचं ठरलं होतं. डब्याच्या वेळी रोज त्याच खोलीबद्दल बोलायचा — खिडकी कुठल्या बाजूला, गॅस कुठे.

कंपनीत लॅपटॉप एकच. साहेबांनी परदेशातून आणवलेला, वापरलेला, जड. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी साहेब दिल्लीला एका गिऱ्हाइकाला आमचं काम दाखवायला जाणार होते आणि मला बरोबर नेणार होते. विमानाने. मी विमान पाहिलं होतं ते खाडीवरून जाताना, खालून.

दसऱ्याला ऑफिस बंद. त्यामुळे ठरलं असं की लॅपटॉप विलासच्या कपाटात राहील आणि प्रवासाच्या दिवशी पहाटे तो माजिवड्याच्या नाक्यावर आणून माझ्या हातात देईल. तिथून साहेबांची गाडी मला घेणार. लॅपटॉप कोणीही घरी न्यायचा नाही, हा साहेबांचा नियम होता.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी मीच विलासला म्हटलं, कशाला खडवलीहून अंधारात येतोस, मी इथेच राहतो, बॅग आताच दे. त्याची धावपळ वाचावी, असं मी त्याला सांगितलं. खरं होतं का ते? थोडं असेल. पण मला ती बॅग खांद्याला लावून कोळीवाड्यातून घरापर्यंत चालत जायचं होतं. आईला दाखवायचं होतं, की बघ, मी काय काम करतो.

विलासने आढेवेढे घेतले. मग दिली. म्हणाला, "उघडू नको. पाण्याजवळ नेऊ नको. आणि साहेबांना बोल, सकाळी नाक्यावर विलासने दिली." मी म्हटलं, हो रे.

म्हणजे ते वाक्य त्याचंच होतं. त्याने ते माझ्या भल्यासाठी दिलं होतं — आणि स्वतःच्याही. ते तेव्हा किती छोटं वाटलं होतं.

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. वडील आपले पाने-पकडी घासून पाटावर मांडतात, आई मासे कापायची मोरली मांडते. त्या वर्षी आईने पाटावर जागा केली आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, हे नको, हे कंपनीचं आहे. ती म्हणाली, "तुझा हत्यार हाय ना यो? मंग, पुजाला नको?"

काय सांगणार होतो मी तिला? सांगता आलं असतं. 'आई, पाणी नको' — तीन शब्द. पण शेजारच्या बायका दारात उभ्या होत्या, वडील नवा सदरा घालून बसले होते, आणि माझं हत्यार मोरलीच्या शेजारी पाटावर होतं. मीच झाकण उघडून ठेवलं. मीच. मिटलेलं काय दाखवायचं? आईने हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, आणि फुलाने तांब्यातलं पाणी शिंपडलं. ते थेंब बटणांच्या फटीत गेलेले मी पाहिले. नंतर फडक्याने पुसलं, तांदूळ झटकले, झाकण मिटलं.

चालू करून पाहिलं नाही. इतकं साधं होतं, एक बटण दाबायचं. पण मला कळायला नको होतं.

पहाटे माजिवड्याला साहेबांच्या गाडीत बसलो. त्यांनी बॅगेकडे पाहून विचारलं, विलास आला होता ना वेळेवर? मी म्हटलं, हो सर, आत्ताच देऊन गेला. एवढं बोललो आणि हायवेवरचे दिवे बघत बसलो. तोपर्यंत मी फक्त मित्राचं ऐकलं होतं. असं मी मला सांगत होतो.

विमानतळावर कुठे उभं राहायचं तेही मला ठाऊक नव्हतं. साहेब करतील तसं करत गेलो. बॅगेला चिठ्ठी बांधली, खिशातली चिल्लर काढली, बॅग पट्ट्यावरून तपासणीच्या पेटीत गेली आणि मी चौकटीतून पलीकडे आलो. वाटलं, झालं. तेवढ्यात खाकीतल्या जवानाने हात वर केला — ही कोणाची?

मी पुढे झालो. त्याने लॅपटॉप बाहेर काढायला लावला. तेव्हा असं मशीन दिसलं की चालू करून दाखवावं लागायचं. आत भलतंच काही भरलेलं नाही ना, हे त्यांना बघायचं असायचं. मला ते माहीत नव्हतं. मी झाकण उघडलं. बटणांच्या फटींमध्ये लाल रेघा सुकून बसल्या होत्या. जवान वाकला आणि हसला. म्हणाला, "पूजा किया है? अच्छा किया. अब चालू करो."

मी बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. धरून ठेवलं. पडदा काळाच.

"पूजा हो गई, लाइट नहीं आई," तो मागच्या माणसांकडे बघून म्हणाला, आणि रांगेत दोघं-तिघं हसले. मागे रांग, पुढे जवान, शेजारी साहेब. बॅगेची चेन पूर्ण उघडी, तिच्यात माझी प्रोजेक्टची फाइल आणि आईने दिलेली दशम्यांची पुरचुंडी — सगळं त्या टेबलावर. मागे फिरायला जागा नव्हती, आणि पुढे तर तो सोडतच नव्हता. चालत नाही ते आत न्यायचं नाही, सामानात टाका, असं त्याने साहेबांना सांगितलं. साहेबांनी वाद घातला. इंग्रजीत घातला, मग हिंदीत. मग त्यांनी बटणांवरून बोट फिरवलं. बोटाला कुंकू लागलं. एक तांदूळही होता, फुगलेला.

त्यांनी मला विचारलं, "हे काय आहे?"

आता ऐका. त्या क्षणी मी खोटं बोललो नाही. हेच मला जास्त लागतं. मी म्हटलं, "सर, खंडेनवमीला ऑफिसात विलासने पूजा केली ना." केलीच होती. सगळ्या मशीनना त्याने कोरड्या बोटाने टिळा लावला होता, आणि लॅपटॉपची बॅग कपाटातून काढलीही नव्हती, नुसतं वर एक फूल ठेवलं होतं. हे साहेबांनी पाहिलं नव्हतं. मी पाहिलं होतं. माझं वाक्य खरं होतं आणि मी ते एखादी वस्तू दुसऱ्याच्या खिशात टाकावी तसं टाकलं.

साहेबांनी आतल्या बूथवरून ऑफिसला फोन लावला. मी शेजारीच उभा होतो. त्यांनी हिशेबनीसांना सांगितलं, पूजेच्या पाण्याने लॅपटॉप गेलाय, मी येईपर्यंत विलासने कशालाही हात लावायचा नाही. तो फोन चालू असताना मी काय केलं असेल? मी चिल्लर परत खिशात भरत होतो.

दिल्लीत छापील कागदांवरून काम दाखवलं. ते लोक चहा पाजून बरे वागले आणि नंतर कळवतो म्हणाले. विमान कसं असतं ते मला आठवत नाही. आईने विचारलं तेव्हा ढगांबद्दल काहीतरी सांगितलं.

परत आल्यावर साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. विलासने सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी बॅग मी याला दिली, नियम मोडला, ती चूक माझी. पण मशीनला मी पाणी लावलेलं नाही, ते घरी झालं असणार. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मला वाटतं, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. त्यांनी विचारलं, "बॅग तू घरी नेली होतीस?"

विमानतळावर मी घाबरलो होतो म्हणा. धांदल होती म्हणा. पण इथे धांदल कुठे होती? पंखा फिरत होता. विचार करायला हवा तेवढा वेळ होता, आणि तो मी घेतला. मला सही दिसत होती. वडिलांचा नवा सदरा दिसत होता.

विलास म्हणाला, "अरे बोल ना रे. जे झालं तेवढंच बोल."

मी म्हटलं, "नाही सर. सकाळी नाक्यावर दिली."

विलासला त्याच दिवशी काढलं. साहेब त्याला म्हणाले की पाण्यापेक्षा तुझ्या खोटेपणाचा मला जास्त राग आहे. आयटीआयचा मुलगा आणि कॉलेजचा मुलगा समोर उभे असले की कोणावर विश्वास बसतो, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. जिन्यात तो एकदाच थांबला. शिवी देईल असं वाटलं होतं, मी तयारही होतो. तो म्हणाला, "जा. सही घे आता साहेबांची."

घेतली.

पास झालो. कोळीवाड्यात पेढे वाटले. डोंबिवलीत नोकरी लागली, आणि संध्याकाळी पुढच्या शिक्षणाच्या वर्गांना जातो. नव्या ठिकाणी लोक म्हणतात, मुलगा सरळ आहे. तिथे मी काय करू? नाही म्हणू? जे काही मला मिळालं ते त्या एका वाक्यावर उभं आहे. ते काढलं तर वडिलांच्या हातातला पेढाही काढावा लागेल. तो एक बहाणाच, हेही कळतं. एकदा खडवलीला उतरलो होतो. फलाटावर एका माणसाला विलासचं घर विचारलं, त्याने बोट दाखवून रस्ता नीट समजावला. मी त्याचे आभार मानले आणि बाकावर बसून राहिलो. कल्याणकडची गाडी आली तिच्यात बसलो. टिटवाळा गेलं तेव्हा खिडकीकडे पाठ केली होती.

एक गोष्ट मात्र मी धरून होतो. हे फक्त माझं आहे, आईपर्यंत ते पोचलेलं नाही, असं मला वाटत होतं. तिच्या पूजेने माझा पहिला प्रवास नीट झाला असं ती शेजारणींना सांगायची आणि मी ऐकून घ्यायचो. तिचं तेवढं तरी मी सांभाळलं, असं मानत होतो.

मागच्या महिन्यात दुपारी ती ओट्यावर सुकट निवडत होती. मी जेवत होतो. बाजारात खडवलीकडची कोणी बाई मासळी घ्यायला आली होती, त्यावरून विषय निघाला. आई सहज म्हणाली की तुझा तो खडवलीचा दोस्त आपल्याकडे आला होता. मी विचारलं, कधी? तर मी दिल्लीला होतो तेव्हा. संध्याकाळी दारात उभा राहिला. दसरा नुकताच झालेला, म्हणून त्याने आधी तिला आपट्याची पानं दिली, सोनं म्हणून, आणि पाया पडला. मग विचारलं, की आई, बॅग इथे आली होती ना? तुम्ही पूजा केलीत ना? माझ्या साहेबांना एवढं सांगाल का?

मी विचारलं, तू काय म्हणालीस?

आई सुकटीतले खडे बाजूला काढत होती. तिने मान वर केली नाही.

"मना वाटला, तुझा कायतरी वाकरा होल. मी बोल्ली, आमचे घरान कसलीच बॅग आली नाय." एक खडा बाहेर टाकून ती म्हणाली, "त्याचा सोना माझे हातानच व्हता."