अण्णांची ॲपं

नवं ॲप फोनवर उतरलं की अण्णा आधी चष्मा सदऱ्याच्या टोकाला पुसायचे, मग फोन हातभर लांब धरून त्याला म्हणायचे, "ये बाबा. बघूया, काय गुण हाईत ते."

जनावरांच्या बाजारात बैल पारखायला आलेल्या माणसाचा चेहरा व्हायचा तेव्हा त्यांचा. दात बघायचे, शेपूट ओढून बघायची, चार पावलं चालवून बघायचं आणि मगच हो किंवा नाही.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या ऑफिसात आम्ही एकाच खोलीत बसत होतो. मी खरेदी बघायची आणि अण्णा डिस्पॅच बघायचे, म्हणजे तयार झालेला माल कुठल्या ट्रकातून कुठल्या गावाला जाणार ते. आम्हा सगळ्यांत ते वयाने मोठे. एरवी ऑफिसात तरुण मंडळी नव्याच्या मागे असतात आणि म्हातारी माणसं कुरकुर करतात. आमच्याकडे उलटं होतं. आम्ही जुन्यावर भागवत होतो आणि निवृत्तीला टेकलेले अण्णा रोज काहीतरी उतरवून घेत होते.

ॲप परवानग्या मागायला लागलं की मात्र ते बिथरायचे. एकदा हवामान सांगणाऱ्या एका ॲपने फोटो बघायची परवानगी मागितली. अण्णांनी फोन माझ्यासमोर धरला.

"हे बघ पोरी. पाव्हणा उंबऱ्यात हाय, अजून पाणी प्या म्हटलेलं न्हाय, तवर कपाटाची किल्ली मागायलाय."

त्या पाहुण्याला तिथूनच निरोप मिळाला.

कन्नड त्यांना उत्तम यायचं, पण बोलण्यापुरतं. लिहायची वेळ आली की अडायचे. म्हणून भाषांतराचं एक साधन मिळताच त्यांनी हुबळीच्या एका गिऱ्हाइकाला मराठीतून कन्नड करून मेल पाठवली. 'तुमचा माल उद्या सुटेल, काळजी नसावी,' एवढंच लिहिलं होतं. थोड्याच वेळात गिऱ्हाइकाचा फोन आला. अण्णा कन्नडमधून बराच वेळ समजूत घालत राहिले. फोन ठेवल्यावर घाम पुसत म्हणाले, "त्यानं 'सुटेल'चं 'सैल होईल' केलं. तो म्हणतोय, उद्या सैल होणारा माल आज कशाला पाठवायलाय?"

मग कंपनीने हजेरीसाठी चेहरा ओळखणारं यंत्र बसवलं. सकाळी ते सगळ्यांना ओळखायचं. संध्याकाळी भट्टीच्या कामावरून काळी तोंडं घेऊन माणसं बाहेर पडली की एकालाही ओळखेना. रांग लागली. कुणी म्हणालं यंत्र बदला, कुणी म्हणालं यंत्रवाल्यांना फोन लावा. अण्णांनी यंत्राच्या शेजारी पाण्याची बादली, साबण आणि पंचा ठेवायला लावला. "त्याला माणूस वळखत न्हाय न्हवं? मग माणसानं माणसासारखं दिसावं की." त्या दिवसापासून आमचे कामगार चकचकीत तोंडाने घरी जाऊ लागले. एकाच्या बायकोने म्हणे चौकशी केली, हल्ली संध्याकाळी आवरून कुठे जाऊन येता?

असं सगळं हसण्यावारी चाललं होतं. अण्णांचा हा छंद आहे, असंच आम्ही धरून होतो. पण एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते कोपऱ्यात फोनशी बोलताना दिसले. एक वाक्य बोलायचे, पडद्याकडे बघायचे आणि मान हलवून तेच वाक्य पुन्हा बोलायचे.

"आक्का, गोळ्या घेतल्यास न्हवं?"

मी डोकावून पाहिलं. पडद्यावर होतं, 'अक्कल गोळ्या घेतल्यास नवरा.'

मी हसले. अण्णा हसले नाहीत. तेव्हा मला कळलं की हे वेगळं आहे.

त्यांची थोरली बहीण आक्का गुंजी गावात मूळ घरी राहायची. नवरा गेल्यावर ती माहेरी आली, तेव्हा अण्णा शाळेत होते. आई लवकर गेलेली, त्यामुळे त्यांना वाढवलं ते आक्कांनीच. आता आक्कांचे कान पूर्ण गेले होते. कानात घालायचं यंत्र आणून दिलं, तर "माशी गुणगुणती" म्हणून त्यांनी ते साखरेच्या डब्यात ठेवून दिलं. फोनवर त्या स्वतःचं सगळं सांगायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "तू बोललास असं समजते. ठेवते."

"ह्येचंबी काय न्हाय," अण्णा म्हणाले. "पण गल्लीत कुणी इचारलं जेवलीस काय, तर ती सांगती, व्हय, म्हस इकली. माणसं हसत्यात. ती हसत न्हाय. आता वट्यावर येऊन बसायचंच सोडलंय तिनं."

आक्का सातवी शिकलेल्या. पेपर शब्द न् शब्द वाचायच्या. म्हणून बोललेलं लिहून दाखवणारं ॲप अण्णा शोधत होते. रविवारी समोर बसून फोनमध्ये बोलायचं आणि आक्कांनी मोठ्या अक्षरांत वाचायचं, असा बेत होता.

"तुम्ही टाइप का नाही करत?" मी विचारलं.

"एका बोटानं? एक वाक्य हुईस्तवर तिची डुलकी हुती. आणि लिवून दाखवलं की ती नोटीस झाली गं. बोलणं कुठं झालं?"

मग आम्ही सगळेच कामाला लागलो. एकेक ॲप उतरवायचं आणि अण्णांनी त्याची परीक्षा घ्यायची. एकालाही आमची बोली कळेना. 'मी काल आलतो' म्हटलं की 'मी का लालतो' यायचं. 'बरं वाटत न्हाय' म्हटलं की 'बरं वाटत न्हावी'. ह्या ॲपांनी आमच्या अर्ध्या तालुक्याला न्हावी केलं.

शेवटी अकाउंट्समधल्या कुणीतरी सुचवलं, "अण्णा, त्याला पुस्तकातलं मराठी कळतंय. तुम्हीच तसं बोला की."

अण्णांनी ते मनावर घेतलं. सराव म्हणून ते दिवसभर ऑफिसात शुद्ध बोलू लागले. चहावाल्याला म्हणाले, "कृपया मला अर्धा कप चहा द्यावा." त्याला वाटलं अण्णा रागावले, त्याने पूर्ण कप दिला आणि मागे मागे सरकत निघून गेला. निपाणीजवळ थांबलेल्या ड्रायव्हरला फोन लावून त्यांनी विचारलं, "आपण सध्या कोठे आहात?" ड्रायव्हरला वाटलं बँकेतून वसुलीचा फोन आहे. त्याने फोनच बंद करून टाकला आणि आमचा ट्रक संध्याकाळपर्यंत बेपत्ता झाला.

पण ॲप खूश होतं. एकही चूक नाही. रविवारी अण्णा मोठ्या उमेदीने गुंजीला गेले. सोमवारी आम्ही त्यांच्या टेबलाभोवती जमलो.

"काय झालं?"

अण्णांनी सावकाश सांगितलं. आक्कांसमोर फोन धरला आणि म्हटलं, 'आक्का, तुझी प्रकृती कशी आहे? मी तुला भेटण्यासाठी आलो आहे.' अक्षरं झकास उमटली. आक्कांनी वाचलं, भावाच्या तोंडाकडे बघितलं, पुन्हा वाचलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"कोण गेलं रं?" त्यांनी विचारलं.

"कोण न्हाय गं," अण्णा गडबडीने म्हणाले, अर्थात आपल्या नेहमीच्या बोलीत. फोन चालूच होता. त्याने लिहिलं, 'फोन न्हावी ग.'

आक्कांनी ते वाचलं. मग अण्णांनी घाबरून आणखी काही खुलासा केला, त्याचं आणखी काही झालं. म्हशीची माशी झाली, वहिनीची वाहिनी झाली. आक्का एकेक ओळ मोठ्याने वाचत गेल्या आणि एकदम हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "अरं, हे तर माझ्यापरीस भैरं हाय."

हे सांगून अण्णा टेबलावरची बिलं उगाच सारखी करत राहिले. "लई दिवसांनी हासली," एवढंच म्हणाले आणि ट्रकचा फोन घ्यायला बाहेर गेले. ट्रकचा फोन आलेला नव्हता.

अण्णांनी तेच ॲप आक्कांच्या फोनवर घालून दिलं आणि त्यानंतर आक्का पुन्हा ओट्यावर बसू लागल्या, फोन मांडीवर घेऊन. गल्लीतल्या बायका मुद्दाम येऊन त्यात बोलायच्या. आता हसायची पाळी आक्कांची होती. कुणाच्या सुनेचं सोनं झालं, कुणाच्या जावयाची जाऊबाई झाली, हे त्या सगळ्यांना वाचून दाखवायच्या.

पुढे एक फार चांगलं ॲप आलं. 'न्हाय' म्हटलं की 'न्हाय' लिहायचं, 'आलतो' म्हटलं की 'आलतो'. अण्णा हरखून गेले. गुंजीला जाऊन त्यांनी ते आक्कांच्या फोनवर घातलं, आणि दोन-तीन रविवारांनी तोंड पाडून परत आले.

"नगं म्हणती. त्यात काय मजा न्हाय म्हणती. ते येडंच घाल परत."

"मग?"

"मग काय? औषधाचं, डॉक्टरचं बोलायचं असलं की शाणं लावतो. बाकी बोलायला येडं."

निवृत्त झाल्यावर अण्णांनी बेळगावचं घर मुलाच्या हवाली केलं आणि काकूंना घेऊन ते गुंजीलाच राहायला गेले. त्यांच्या खुर्चीत आता नवा मुलगा बसतो. हुशार आहे. त्याला काही विचारलं की तो कानातली बटणं न काढताच मान हलवतो. आम्ही दोन-तीनदा हाक मारतो आणि सोडून देतो.

मागच्या उन्हाळ्यात एका लग्नाला त्या बाजूला गेले होते, तेव्हा वाकडी वाट करून त्यांच्या घरी गेले. घर रुळांपासून हाकेच्या अंतरावर. अण्णा आणि आक्का ओट्यावरच होते, मध्ये पाण्याच्या तांब्याला टेकवून फोन उभा केलेला. आक्का अगदी छोट्याशा, सुपारीएवढ्या म्हणाना. मला शेजारी ओढून म्हणाल्या, "बस गं. ह्यात बोल काय तरी."

मी म्हटलं, "तुमच्याविषयी लई ऐकलंय." फोनने काय लिहिलं ते मला दिसलं नाही, पण आक्कांनी माझ्या पाठीत एक चापट मारली.

काकूंनी चहा आणला. इतक्यात लोंढा जंक्शनच्या बाजूने मालगाडी आली. ओटा थरथरला, कपबश्या किणकिणल्या. एकमेकांचं काही ऐकू येईना, म्हणून अण्णा आणि मी बोलायचे थांबलो. फोन मात्र ऐकतच होता. पडद्यावर अक्षरं उमटू लागली. 'खडक खडक धडक खडक खडक धडक खडक.' ओळीमागून ओळ येत होती.

आक्का पुढे वाकल्या. चष्मा सावरून, पडद्यावर बोट ठेवून, एकही शब्द न गाळता वाचत राहिल्या. गाडी दूर गेली आणि ओळी थांबल्या, तेव्हा त्यांनी बोट उचललं.

"लई लांब व्हती रं आजची," त्या म्हणाल्या, आणि चहाचा कप उचलला.