स्टँडवरच्या साहेबांची नक्कल

महोत्सव समितीचे चिटणीस घरी आले, चहा प्यायले आणि चप्पल घालता घालता म्हणाले, "गुरुजी, आपल्या कला महोत्सवात तुम्ही पाहिलेले आवडते विनोदी कार्यक्रम, असं काहीतरी स्मरणिकेसाठी लिहून द्या." मी विचारलं, नावडते लिहिले तर चालतील का, पानं पटापट भरतील. ते हसले. मी विनोद केला असं त्यांना वाटलं. जिंतुरात विनोद कशाला म्हणतात ते इथूनच कळावं.

तर आधीच सांगून टाकतो, मला हा महोत्सव आवडत नाही. शाळेच्या मैदानावर तीन दिवस मांडव पडतो. पुढे सोफे, मग खुर्च्या, मग सतरंज्या. सोफ्यावरच्यांना कार्यक्रमाशी काही देणंघेणं नसतं, त्यांना शाल आणि नारळ घेऊन घरी जायचं असतं. पत्रिकेत संध्याकाळी पाचची वेळ छापतात आणि साडेसहापर्यंत एकमेकांचे सत्कार करतात. त्यात आमच्या लोकांना एक खोड आहे. प्रमुख पाहुणे हसल्याशिवाय मागच्या रांगा हसत नाहीत. एका वर्षी पाहुण्यांना कानानं कमी ऐकू येत होतं, तर एक बरं चाललेलं प्रहसन अर्धा तास सुतक असल्यागत गेलं. करणारी पोरं आत जाऊन रडली.

दारुड्याचं प्रहसन दरवर्षी असतं. दाढीवाला बाप्या साडी नेसून लाजतो, तेही दरवर्षी असतं. एकदा पुण्याहून कुणी नावाजलेले विनोदवीर आणले होते. दर वाक्याला 'लय' आणि 'हाय' लावलं की विनोद झाला, असा त्यांचा हिशोब. आमची माणसं पोट धरधरून हसली. मला त्या माणसाचा राग नाही आला, तो पोटासाठी करत होता. हसणाऱ्यांचा आला. घरी जाऊन तीच भाषा बोलणार होती ही मंडळी. आणि हसताना शेजाऱ्याला कोपरानं ढोसून तोच विनोद पुन्हा सांगत होती. कार्यक्रम चालू असताना बोलणारा माणूस मला अजिबात खपत नाही. मांडवात कित्येकांना मी गप बसवलं आहे, त्यात एक सभापतीही होते.

मनापासून आवडलं असं एकच प्रहसन आठवतं. चारठाण्याच्या दोन शिक्षिकांनी केलं होतं. शाळेची तपासणी होणार म्हणून गुरुजी संडास धुऊन घेतात आणि तो घाण होऊ नये म्हणून कुलूप लावतात. तपासणीला आलेल्या साहेबांना नेमकी तिथंच जायची घाई होते आणि किल्ली सापडत नाही. साहेब झालेल्या बाई मांड्या आवळून हजेरीपट तपासत होत्या, ते आठवून मला अजून वर्गात हसू येतं. परीक्षकांनी त्यांना काहीही दिलं नाही. विषय हलका आहे म्हणाले.

आता खरं ते लिहितो. या महोत्सवाला मी दरवर्षी जातो ते एका कार्यक्रमासाठी, आणि तो करणाऱ्या माणसाशी मी पंचवीस वर्षं बोललो नव्हतो.

माझे वडील जिंतूरच्या बसस्टँडवर कंट्रोलर होते. चौकशीच्या खिडकीमागे बसायचे आणि भोंग्यावरून गाड्या पुकारायचे. आधी माइकवर बोट ठोकायचे, मग खाकरायचे, मग "प्रवाशांनी लक्ष द्यावं" एवढं एक वाक्य पुस्तकातलं. पुढचं सगळं घरचं. "परभणी गाडी लागलीय. झरीवाल्यांनी बसून घ्यावं, मागून रडायचं न्हाई. ओ टोपीवाले काका, तुमाला चारठाण्याला जायचंय ना, मंग परभणीच्या गाडीत काय करायलाव? उतरा खाली." सगळ्या तालुक्याला त्यांचा आवाज माहीत होता. तोंड फार थोड्यांना माहीत होतं.

माइक बंद करायला मात्र ते हमखास विसरायचे. मी बारावीला होतो. सहामाहीत गणितात नापास झालो आणि लाजेनं त्यांचा डबा घेऊन स्टँडवर जायचं टाळत होतो. एका दुपारी त्यांनी सेलूची गाडी पुकारली, माइक तसाच राहिला आणि ते खिडकीशी आलेल्या चहावाल्याला म्हणाले, "आमचं गाढव आलं का डबा घेऊन? गणितात नापास झालंय, तवापासून तोंड लपवायलंय. उपाशी मारतंय बापाला." हे सगळ्या स्टँडनं ऐकलं. शेंगावाल्या बायांनी ऐकलं, कॉलेजच्या मुलींनी ऐकलं, आणि माझ्याच बाकावर बसणाऱ्या माझ्या जिवलग मित्रानंही ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सर यायच्या आधी त्यानं टेबलावर बोट ठोकलं, खाकरला, आणि सगळं जसंच्या तसं करून दाखवलं. हुबेहूब. मला तर क्षणभर वडीलच वर्गात आले असं वाटलं. वर्ग फुटला हसून. मी उठून त्याच्या कानाखाली वाजवली. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद. मी वडिलांचा डबा नेणंही बंद केलं. आई म्हणायची, जा रे, ते वाट बघतात. मी म्हणायचो, गाढवाची कशाला वाट बघायची. शेवटी बहीण नेऊ लागली. पुन्हा मी डबा घेऊन स्टँडवर गेलो नाही, ते थेट ते रिटायर होईपर्यंत. वडिलांनी एका शब्दानं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. आमच्या घरात हट्ट कमी पडला असं कधी झालं नाही.

पुढे त्या मित्रानं कटलरीचं दुकान टाकलं आणि मी शाळेला लागलो. महोत्सव सुरू झाला तेव्हा पहिल्याच वर्षी हा गडी स्टेजवर आला, वडिलांसारखा चष्म्याला दोरा बांधून, आणि स्टँडवरच्या साहेबांची नक्कल सुरू केली. झरीवाले आले, टोपीवाले काका आले आणि शेवटी गाढवही आलं. मांडव डोक्यावर घेतला लोकांनी. माझ्या कानशिलातून वाफा निघत होत्या. वडील रिटायर होऊन घरी बसले होते, ते माझ्या शेजारीच होते. मी त्यांच्याकडे पाहिलं तर ते रुमालानं डोळे पुसत हसत होते.

घरी जाताना म्हणाले, "पोरगं चांगलं करायलंय. फकस्त माइक तीनदा ठोकलं त्यानं. मी दोनदाच ठोकत होतो. सांग त्याला."

मी बरं म्हणालो आणि सांगितलं नाही. का सांगू? पुढच्या वर्षी पुन्हा तीनदा. वडिलांनी विचारलं, "सांगटलं न्हाईस का?" मी म्हणालो, विसरलो. सात वर्षं ते त्याची नक्कल बघायला आले आणि सात वर्षं दोन बोटं वर करून मला खुणावत राहिले. सात वर्षं मी विसरत राहिलो.

मग ते गेले. स्टँडवर आता टेप लावलेली आहे. कुणी बाई सगळ्या गाड्या सारख्याच गोड आवाजात पुकारते, तिला ना खोकला ना टोपीवाले काका. आमच्याकडे वडिलांचा आवाज कशातच नाही. फोटो आहेत, लग्नाची सीडी आहे, तिच्यात ते जेवताना दिसतात आणि वरून सनई वाजते. नकलेचा एक तुकडा कुणी मोबाईलवर टाकला आहे, त्यात शूटिंग करणाऱ्याचं खिदळणंच जास्त ऐकू येतं. त्यामुळे वडील ऐकायचे असतील तर वर्षातून एकदा, दहा मिनिटं, त्या कटलरीवाल्याच्या तोंडून. दुसऱ्या कुणाच्या तोंडून असते तर मला चाललं असतं. बायकोला मी सांगायचो, चुका काढायला चाललोय. ती दोघांसाठी खुर्च्या धरून ठेवायची.

यंदा महोत्सवाच्या दुसऱ्या दिवशी तो आला. माइक तीनदा ठोकला, खाकरला. झरीवाल्यांना बसवलं, काकांना उतरवलं, सेलूची गाडी पुकारली. मी खुर्चीत पुढे सरकलो. आणि त्यानं हात जोडले, वाकला आणि आत निघून गेला. टाळ्या पडल्या. मी बसून राहिलो. गाढव आलंच नाही.

बायको म्हणाली, जाऊ द्या. मी गेलो, पण स्टेजच्या मागे. तो खोबरेल तेलानं तोंडाचा रंग काढत होता. मला बघून उठला, एक पाऊल मागे सरकला. कानाखालची आठवण असावी.

मी म्हणालो, "डब्याचं कुठं गेलं?"

"गाळलं," तो म्हणाला. "तुजे वडील न्हाईत आता. बायको म्हणली, शाळेतली पोरं तुमच्या मित्राला गुरुजी म्हणायलेत, तुमी आजून गाढव म्हणायलाव. बरं दिसत न्हाई."

"मी म्हणलो होतो का बंद कर?"

"तू काय म्हणलास कदी? पंचवीस वर्षं झाली, जिंदा हायेस का मेलास ते बी इचारलं न्हाईस."

मग जे इतकी वर्षं दाबून ठेवलं होतं तेच बाहेर आलं. मी म्हणालो, "ते माइक तीनदा न्हाई ठोकत. दोनदा. त्यांनी तुला सांगायला सांगितलं होतं."

"कदी?"

"पहिल्याच वर्षी."

त्याच्या हातातलं तेलाचं फडकं तसंच राहिलं. "म्हंजे सात वर्षं ते समोर बसलेले असताना मी चुकीचं केलं? अन् तुला मालूम होतं?"

मी हो म्हणालो.

"लय हलकट हायेस तू," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता त्याचा, त्यामुळे ते जास्त लागलं. "जा आता. तोंड नको दाखवू."

मी आलो. बायकोनं काय झालं विचारलं, मी तिच्यावरच डाफरलो. रात्री जेवलो नाही. तो बोलला त्यातला एकही शब्द चुकीचा नव्हता, आणि माणूस बरोबर बोलला की मला तो आणखीनच आवडेनासा होतो.

शेवटच्या दिवशी निवडक कार्यक्रम पुन्हा करतात. त्यात नक्कल होती. आधी तीन सत्कार झाले, एका पाहुण्यांचा तर दोनदा झाला. मी माझ्या नेहमीच्या खुर्चीत होतो. तो नक्कल करणार की नाही, केली तर किती, काहीच माहीत नव्हतं. शेजारी कुणी गृहस्थ शेंगा सोलत बसले होते.

तो आला. चष्मा चढवला. बोट वर केलं आणि माइकवर ठोकलं. एकदा. दोनदा. थांबला. खाकरला. झरीवाले बसले, काका उतरले, सेलूची गाडी गेली. मग त्यानं मान खिडकीकडे वळवावी तशी वळवली आणि चष्म्यावरून माझ्या रांगेकडे बघितलं.

"आमचं गाढव आलं का डबा घेऊन?"

सगळा मांडव हसला. मी बसल्या जागी म्हणालो, "आलंय."

शेंगावाले गृहस्थ माझ्याकडे वळले. म्हणाले, "ओ गुरुजी, गप बसा की. ऐकू द्या."