व्हॅलेन्सियात तुटलेल्या तारा

माझं शिक्षण चौथीपर्यंत. चौथी पास झालो की नाही हे मास्तरांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तरी हे मीच लिहून राहिलो, कारण आमच्या मंडळींनी, म्हणजे बायकोनं, त्या दिवसाची गोष्ट नागपुरात हुडकेश्वरच्या अर्ध्या वस्तीत आपल्या परीनं सांगून ठेवली आहे आणि तिच्यात मी फार वाईट दिसतो. लोकांनी दोन्ही बाजू ऐकाव्या.

मी विणकर. पंचेचाळीस वर्षं हातमागावर बसलो, रेशीमकाठी साड्या विणल्या. मग गुडघ्यांनी जवाब दिला आणि माग विकला, त्याला आठ वर्षं झाली. मुलगी जर्मनीत नोकरीला आहे. तिनं यंदा हट्टच धरला की आईबाबांना बोटीवर फिरवीन. बोट म्हणजे अंबाझरी तलावातली नव्हे. बारा मजले, आत लिफ्ट, आणि नाश्त्याला इतके प्रकार की माणूस कशानं सुरुवात करावी या काळजीनंच उपाशी राहावा. आठ दिवस फिरायचं, रोज नवं गाव. सकाळी उतरायचं, दुपारी ठरल्या वेळेला परत चढायचं. उशीर झाला तर बोट कोणासाठी थांबत नाही. हे मुलीनं मला इतक्या वेळा सांगितलं, जसं काही मी बोटी चुकवतच मोठा झालो.

बायकोचं मागणं एकच होतं. तिनं जन्मात समुद्र पाहिला नव्हता. आता चार दिवस चहूकडं समुद्रच, पण आमची खोली नवव्या मजल्यावर, आणि जिथं जिथं बोट लागली तिथं खाली सिमेंटचा धक्का.

"माह्या पायाले एक थेंब नाई लागला," ती म्हणाली. "नवव्या मजल्यावरून समुद्र पाहाचा तं घरचा टीव्ही काय वाईट होता?"

व्हॅलेन्सिया हे स्पेनमधलं गाव आलं, तेव्हा मुलीनं सांगितलं की इथं बंदराच्या बाजूलाच वाळूचा किनारा आहे. बोटीच्या वाटेवरच्या गावांपैकी असा जवळचा किनारा इथंच, पुढं नाही. दहाला उतरायचं, साडेतीनला परत. "आधी आईले समुद्रावर नेऊ, मंग शहर पाहू," मुलगी म्हणाली.

मी म्हटलं, "आधी शहर. समुद्र काय पळून जाऊन राहिला?"

 बायकोनं पिशवीत चपला टाकल्या, पायात मुलीनं घेऊन दिलेले बूट चढवले, आणि आम्ही बसनं शहरात गेलो. आपल्याकडे तेव्हा नुकतेच पंखे सुरू झाले होते, तिथं लोक कोट घालून फिरत होते.

शहर चांगलं होतं. पण मी एकदम थांबलो ते झाडं पाहून. रस्त्याच्या कडेला ओळीनं संत्र्याची झाडं, फळांनी वाकलेली, आणि एकही माणूस तोडत नव्हता! आपल्याकडे भर रस्त्यात अशी संत्री लागली असती तर फळं सोडा, झाडही राहिलं नसतं. मी नागपूरचा माणूस. संत्र्यातलं मला कोणी शिकवायचं नाही. हात वर केला, एक तोडलं, सोललं आणि मोठी फोड तोंडात टाकली.

कडुनिंबाचा पाला त्यापुढं पेढा म्हणावा.

"बाबा!" मुलगी धावत आली. "थे खाचे नसतात! शोभेचे आहेत!"

आता थुंकायचं म्हटलं तर बाकावर दोन म्हातारे बसून माझ्याकडंच पाहत होते. नागपूरच्या माणसानं संत्रं थुंकलं, ही गोष्ट मला त्या गावात मागं ठेवायची नव्हती. मी गिळलं. मग दुसरी फोड खाल्ली.

"कसं आहे जी?" बायकोनं विचारलं.

"फस्ट क्लास."

"मंग मले द्या एक फोड."

नवरा म्हणून माझं काही कर्तव्य होतं. उरलेलं सगळं संत्रं मी एकट्यानं खाल्लं. ती म्हणाली, "पाह्य वं पोरी, कसा हावरट माणूस आहे तुहा बाप." मी नुसती मान हलवली, कारण जीभ जागेवर नव्हती.

या गावात जुन्या काळी रेशमाचं मोठं काम चालायचं, म्हणून मुलीनं माझ्यासाठी एक जुनं घर शोधून ठेवलं होतं. तिथं हातमाग लोकांना पाहायला मांडले होते. "बाबा, वीस मिनिटं. मंग सीधा समुद्र," ती म्हणाली. मी हव म्हटलं. मनापासून म्हटलं होतं, हे इथं नोंदवून ठेवतो.

वरच्या मजल्यावर माग होते. मोठे माग आमच्या मागाहून दुप्पट उंच, छताला टेकलेले. मायलेकी बाथरूम शोधायला खाली गेल्या. मी एकटाच फिरत कोपऱ्यात गेलो, तर तिथं एक छोटा माग होता, आणि त्याच्या डाव्या बाजूच्या तारा, म्हणजे ताण्याचे उभे धागे, तुटून लोंबत होत्या. एक नाही, दोन नाही. झाडून तीस. पुढं लाल दोरी बांधलेली, बाजूला एक पाटी. दोरी मी पाहिली. पाटीही पाहिली. पण माझे वडील सांगायचे, तुटकी तार पाहून जो पुढं गेला त्यानं मागावर पुन्हा बसू नये. तहान लागली असली तर आधी तार सांधायची, मग पाणी प्यायचं. आमच्या घरात लहानपणापासून हे इतकं अंगात मुरलेलं की शेजारच्याच्या मागावर तार तुटलेली दिसली तरी आम्ही सांधून मग "काका आहेत का घरी" विचारायचो.

मी दोरी ओलांडली.

पहिल्या दोन तारांना वेळ लागला. मग बोटांना आठवलं. बोटं ओली करायची, दोन टोकं चिमटीत धरायची, पीळ द्यायचा, गाठ इतकी बारीक की मागाच्या फणीतून सरकताना कळू नये. तिसाव्या तारेला मी गाणं गुणगुणत होतो. मागं वळलो तर दारात एक बाई उभी, आणि तिच्यामागं शाळेची वीसेक पोरं.

बाई किंचाळली. मी समजलो आनंदानं. मी तिला हातानं दाखवलं, पाहा, सगळ्या झाल्या, एकही राहिली नाही. ती आणखी किंचाळली. तेवढ्यात आमच्या दोघी वर आल्या. मुलीनं पाटी वाचली आणि कपाळावर हात मारून घेतला.

"बाबा, थ्या तारा मुद्दाम तोडून ठेवल्या होत्या! या पोरांले शिकवासाठी! आज एकेकानं सांधून पाहाची होती!"

"घ्या," बायको म्हणाली. "लेकराईचा गृहपाठ करून ठेवला."

बाईनं कैची काढली आणि माझ्या गाठींकडं वळली. आता हे मला पाहवणारं नव्हतं. "अवं बाई, थांब वं!" मी म्हटलं आणि मधेच उभा राहिलो. "शिकवाचं असंन तं दुसऱ्या तोड, ह्या नाई." मुलगी इंग्रजीत काय म्हणाली माहीत नाही, बहुतेक माफी मागत होती, पण मी मागितली नव्हती. बाईनं एक तार धरून ओढली. गाठ सुटली नाही. आणखी जोरानं ओढली. मग चष्मा लावून वाकून पाहिलं, आणि कैची खाली ठेवून मला खूण केली, करून दाखवा.

"बाबा, नाई. एक वाजून गेला," मुलगी म्हणाली.

"पाच मिनिटं."

बाईनं माझ्या तारा तशाच ठेवल्या आणि उजवीकडच्या वीस तोडल्या. तोडताना मी भिंतीकडं तोंड केलं. मग पोरं एकेक करून पुढं आली. मी त्यांची बोटं धरून पीळ द्यायला लावला. एकाची तार चार वेळा सुटली, तो रडकुंडीला आला. त्याला तसंच कसं सोडायचं? मी नागपुरीत समजावत होतो, ती पोरं त्यांच्या भाषेत, आणि आमचं अगदी बरोबर जमत होतं.

मागून बाकावरून बायकोचा आवाज आला, "चाळीस वर्सं ह्या माणसाच्या मागासाठी रेशमाच्या कांड्या भरल्या. विमानात बसून, बोटीत बसून इतक्या दूर आली, अन् इथंबी मागच."

मी म्हटलं, "झालंच."

पुढच्या पोराच्या वेळी मागून काहीच आवाज आला नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. मी वळून पाहिलं. आमची बायको बोलायची थांबत नाही. ती खिडकीकडं तोंड करून बसली होती. बूट पिशवीत गेले होते आणि पायात चपला होत्या. समुद्रासाठी केव्हाची तयार होऊन बसली होती बिचारी, आणि खिडकीतून समोरच्या घराची भिंत पाहून राहिली होती.

घड्याळात पावणेतीन.

मी पोरांना सोडलं, बाईला नमस्कार घातला आणि खाली उतरलो. शेवटच्या दोघांच्या तारा राहिल्या त्या राहिल्याच. रस्त्यावर आलो तर बस नुकतीच निघून गेलेली.

"आता सीधा बोटीवर," मुलगी म्हणाली. "आई, मी तुले दुसऱ्या खेपेले नेईन."

"राहू दे वं," बायको म्हणाली. इतकी शांत की मला घाम फुटला.

"टॅक्सी कर," मी म्हटलं. "समुद्रावर."

"बाबा, बोट सुटंल!"

"सुटू दे. पोहत जाऊ."

"तुमाले पोहता येते?" बायकोनं विचारलं.

"नाई."

टॅक्सीवाल्यानं आम्हाला किनाऱ्यावर सोडलं तेव्हा तीन वाजून पाच झाले होते. मुलगी त्याला म्हणाली थांब, आणि मला म्हणाली दहा मिनिटं, एक जास्त नाही. आता मला वाटलं होतं उतरलं की पाणी. पण मधे वाळूच वाळू, आपलं नागपूरचं कस्तुरचंद पार्कचं मैदान अंथरून ठेवल्यासारखी, आणि पाणी पार तिकडच्या टोकाला. मी हिशोब लावायच्या आत बायको निघालीसुद्धा. रोज गुडघ्याची गोळी घेणारी बाई लुगडं वर खोचून अशी धावली की तिच्या मागं मुलगी, आणि मुलीच्या मागं बऱ्याच अंतरावर मी. वाटेत तिच्या चपला पडल्या होत्या, त्या उचलत गेलो.

"माय वं! बरफ आहे बरफ!" ती ओरडली. पण बाहेर नाही आली. लाट आली की "आली, आली" म्हणायची आणि गेली की खाली पाहून हसायची, कारण पायाखालची वाळू सरकत होती. लाट दर वेळी तिला फसवत होती आणि तिला ते फार आवडत होतं.

"आई, चल!" मुलगी ओरडली.

"हे आपल्या मनानं थांबले, मी आपल्या मनानं थांबीन," तिनं पाठ न वळवता सांगितलं. मग मला म्हणाली, "या नं जी. कोरडे काहून उभे?"

"पॅन्ट नवीन आहे."

"अन् लाज जुनी आहे."

आता असं बोलल्यावर माणूस उभा कसा राहील? मी बुटांसकट गेलो. दोन पावलं बरोबर पडली. तिसऱ्याला लाट मागून आली की पुढून, हे मला आजवर कळलं नाही, मी बसलो. मुद्दाम नाही. पाणी छातीपर्यंत आलं आणि मी तिच्या दोन्ही चपला डोक्यावर धरल्या, म्हणून त्या कोरड्या राहिल्या. ही गोष्ट ती कोणाला सांगत नाही. मुलगी मला उठवायचं सोडून मोबाईलवर फोटो काढून राहिली होती. बायको इतकी हसली की तीही खाली बसली.

टॅक्सीवाल्यानं आम्हाला पाहिलं, डोळे मिटले आणि सीटवर प्लास्टिक अंथरलं. बोटीच्या दारात शिडी काढायला माणसं उभी होती. आम्ही शेवटचे. दारावरचा माणूस घड्याळ पाहत होता, मग तो माझ्या पॅन्टमधून गळणाऱ्या पाण्याकडं पाहायला लागला.

लिफ्टमध्ये एक गोरी म्हातारी होती, गळ्यात मोती, संध्याकाळच्या जेवणाला आतापासूनच तयार. आमच्याखाली गालिच्यावर तळं साचत होतं. बायकोनं तिला अख्खी हकीकत मराठीत सांगितली. माग, पोरं, वाळू, सगळं. शेवटी माझ्याकडं बोट दाखवून म्हणाली, "अन् मंग आमचे हे पडले."

त्या बाईला काय समजलं देव जाणे. तिनं माझा ओला हात दोन्ही हातांत घेतला आणि अभिनंदन केल्यासारखा जोरजोरात हलवला. मीही मान ताठ ठेवून हलवला. नववा मजला येईपर्यंत आम्ही कोणीच सोडला नाही.