आतोबांची दिल्ली

रस्त्यांच्या बाबतीत आमच्या आतोबांशी वाद घालून जिंकलेला माणूस अख्ख्या सांगली जिल्ह्यात मला अजून भेटलेला नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आयुष्यभर लष्करात ट्रक चालवला आणि निवृत्तीनंतर कवठे महांकाळजवळच्या मळ्यावर येऊन राहिले, पण डोक्यातला ट्रक काही थांबला नाही. पाहुणा दारात आला की पाण्याच्या तांब्याआधी प्रश्न यायचा, "कुठनं आलासा?" पाहुण्याने सांगितलेला रस्ता कोणताही असो, तो चुकीचाच निघायचा. वाईच्या एका लग्नात तर त्यांनी वरातीतल्या घोड्याचा लगाम धरून नवऱ्या मुलालाच विचारलं, "लोणंदचं न्हवं तुमी? मग खंडाळ्याकडनं कशाला फिरलासा? वाठारवरनं यायचं की गड्या." मुलगा मुंडावळ्या सावरत घोड्यावरूनच माफी मागत होता आणि मांडवात भटजी मुहूर्त टळतो म्हणून हाका मारत होते.

विमानावर त्यांचा विशेष राग. पुण्याहून दिल्ली दोन तासांत, असं मी एकदा म्हणालो, तर म्हणाले, "विमानापरीस विमानापतूरच लांब हाय. मळ्यापास्नं पुणं धर की." हिशेब बरोबर होता. पण खरी गोष्ट वेगळी होती, आणि ती घरात सगळ्यांना ठाऊक होती. त्यांच्या एकुलत्या एका मुलीने दिल्लीकडच्या मुलाशी आपल्या मनाने लग्न केलं होतं. आत्या दोनदा जाऊन आली. आतोबा मात्र "लय लांब हाय" म्हणत राहिले. लेहपर्यंत ट्रक नेलेला माणूस, दर खेपेला दिल्लीवरून गेलेला.

यंदा आत्या लेकीच्या बाळंतपणासाठी तिकडे गेली होती. एका सकाळी तिचा फोन आला. बाळ दिवस भरायच्या आधीच झालं होतं, काचेच्या पेटीत ठेवलं होतं. आतोबांनी फोन कानाला धरून सगळं ऐकलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "विमान कवा हाय रं?"

मी सोबत निघालो. पुण्यापर्यंत त्यांनी ड्रायव्हरला एकही रस्ता सुचवला नाही. साताऱ्याला चहासाठी गाडी थांबवली, तर आतच बसून राहिले. विमानात खिडकीला नाक लावून खाली पाहत होते. उतरायची सूचना झाली तेव्हा त्यांना खरंच वाटेना. चाकं जमिनीला टेकली, आणि ते हळूच म्हणाले, "एवढंच हुतं व्हय लांब?"



दवाखान्यात आत्या दारातच भेटली. "बाळ आता दूध पितंय," ती म्हणाली. मुलगी खाटेवर होती. वडिलांना पाहून ती थोडी सरकली आणि त्यांच्यासाठी खाटेवर जागा केली. आतोबा टोपी हातात घेऊन बसले.

"आबा, लय दमला असशीला."

"न्हाई गं," ते म्हणाले. "बसल्या बसल्या आलो."

थोड्या वेळाने जावई आला आणि वाकून पाया पडला. आतोबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि मोडक्यातोडक्या लष्करी हिंदीत बाळ बघायला कधी सोडतात, ते विचारलं. मग दोघं काचेच्या खोलीकडे निघाले. जावई भरभर चालणारा, पण सासऱ्यांसाठी त्याने पाऊल आवरलं होतं.