कच्चा अंगठा

भालकीत फुटबॉल आणला तो शाळेच्या ड्रिलमास्तरांनी. पण त्यांची बदली झाली आणि फुटबॉल राहिला तो ग्यानबामुळे. ग्यानबा स्वतः कधी खेळला नाही. त्याची पाच एकर काळी जमीन, दोन बैल, आणि रस्त्याच्या कडेचं एक पडीक. त्या पडीकावर क्लबाची पोरं खेळू लागली तेव्हा तो आधी काठी घेऊन हाकलायला गेला आणि संध्याकाळपर्यंत तिथंच उभा राहिला. पुढच्या दसऱ्याला मैदानावर चुन्याच्या रेघा ओढणारा माणूस तोच होता.

हळूहळू सगळंच त्याच्याकडं आलं. बॉलच्या आतला रबरी फुगा सायकलच्या पंपानं भरायचा, तोंड नाडीनं शिवायचं, कातड्याला करडीचं तेल चोळायचं. पोरांचे मुरगळलेले पाय तोच ओढायचा. बैलाचा खूर आणि माणसाचा घोटा त्याच्या हाताला सारखाच. बांबूच्या चार काड्या, आंबेहळद, जुन्या धोतराची पट्टी, आणि वर एक शिवी. पोरं बरी होत.

नवरात्रात दसऱ्याच्या ढालीचे सामने होत. शेवटचा सामना दसऱ्याच्या दुपारी, आणि बहुतेक दर वर्षी समोर उदगीर. फसली १३४९ चा, म्हणजे इंग्रजी १९३९ चा दसरा आला तेव्हा ग्यानबाच्या मनात ढाल नव्हती. त्याच्या मनात अंबाजी होता.

अंबाजी आधी भालकीचाच गोलकी. राजूबाई नावाच्या विधवेचा एकुलता एक, उंच, लांब हातांचा, कमी बोलणारा. गोलात उभा राहिला की मागं दार लावल्यासारखं वाटायचं. सराव संपला की तो ग्यानबाच्या घरीच जेवायचा. सोजराबाई, ग्यानबाची बायको, त्याच्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवताना नवऱ्याकडं बघायचीसुद्धा नाही.

एकदा सरावात बॉल आडवा लागून अंबाजीचा डावा अंगठा मुळातून निसटला. ग्यानबानं तो जागेवर बसवला, एकवीस दिवस बांधून ठेवला. पट्टी सोडली तेव्हा दाबून बघितलं आणि त्याच्या लक्षात आलं. अंगठा वरून धड दिसतो, पण खालून वर जोर आला तर सांधा धरत नाही.

"कुणाला सांगू नकोस," ग्यानबा म्हणाला होता. "खालचा बॉल उजव्यानं घे. डावा नुसता दाखवायला."

"आन कुणी वळखलं तर?"

"दोघालाच ठावं हाय. तू न्हाई सांगणार, मी न्हाई सांगणार. तिसरा कोण हाय?"

पुढच्याच वर्षी अंबाजी गेला. गेला तो कसा गेला, हेच ग्यानबाला गिळता आलं नाही. खंडेनवमीला ग्यानबाच्या ओसरीवर क्लबाची पूजा मांडायची रीत होती. विळा, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, आणि त्यांच्या शेजारी पाटावर बॉल. प्रत्येक खेळाडू आपलं काहीतरी तिथं ठेवायचा. अंबाजीनं आपली लोकरीची टोपी ठेवली होती. एकदा मांडलं की दसऱ्याच्या सकाळी पूजा हलवेपर्यंत त्यातलं काडीही उचलायची नाही. सकाळी ग्यानबा उठून बघतो तर टोपी नाही. हळदीकुंकवाच्या मधोमध टोपीएवढी गोल रिकामी जागा. दुपारी तीच टोपी घालून, तिच्यावरचं कुंकूसुद्धा न झटकता, अंबाजी उदगीरच्या गोलात उभा होता. भालकी एका गोलानं हरली.

मागून कळलं की उदगीरच्या एका कापसाच्या व्यापाऱ्यानं त्याला जिनिंगमध्ये कामाला घेतलं होतं, आणि अट होती ती त्याच सामन्यात उदगीरकडून खेळायची. सोजराबाई म्हणाली, आई उपाशी ठेवून कलब खेळायचा का त्यानं. ग्यानबा म्हणाला, खेळू दे की कुठं बी, पूजंतलं कामून उचललं.

दसऱ्याच्या संध्याकाळी गाव शिवेबाहेर बन्नीच्या, म्हणजे शमीच्या, झाडाकडं जातं, पानं आणतं आणि घरोघर वाटतं. लहानानं मोठ्याला द्यायची, पाया पडायचं. "बन्नी तगोंडु बंगारदंग इरोण," असं कानडीत म्हणायचं. बन्नी घेऊन सोन्यासारखं राहू. पान घेतलं की वर्षाचं भांडण संपलं. म्हणून ज्याला भांडण संपवायचं नसेल त्याला एकच उपाय, पान घ्यायचं नाही.

अंबाजी दर वर्षी यायचा. सामना हरो की जिंको, उदगीरची गाडी पकडायच्या आधी पानं घेऊन ग्यानबाच्या दारात उभा राहायचा. "मामा." ग्यानबा उठायचा, त्याच्याकडं पाठ करायचा आणि गोठ्यातल्या बैलांकडं बघत राहायचा. अंबाजी थोडा वेळ थांबायचा, सोजराबाईला पान द्यायचा, तिच्या पाया पडायचा, जायचा. सहा वर्षं असं चाललं. ग्यानबानं कुणाला सांगितलं नसतं, पण सणातली सगळ्यात गोड गोष्ट त्याला तीच वाटे. पुरणपोळीपेक्षा गोड. पाठीवर त्या पोराची नजर, आणि आपण वळत नाही.

पण सातव्या दसऱ्याला तो गोडवा पुरेना. पाठ फिरवणं म्हणजे नुसती माफी न देणं होतं. त्याला काहीतरी काढून घ्यायचं होतं.

त्या खंडेनवमीला पूजा झाल्यावर पोरं पांगली तेव्हा त्यानं हावगेप्पाला थांबवलं. हावगेप्पा क्लबाचा पुढचा खेळाडू. तेलघाण्यावर राबून त्याच्या मांड्या घाण्याच्या लाकडी लाटेसारख्या झाल्या होत्या. बॉल मारला की कावळे उडायचे.

"उद्या वर मारू नको," ग्यानबा म्हणाला. "खाली मार. त्याच्या डाव्या हाताला. जमिनीवरून टप्पा घिऊन वर येईल असा."

"डाव्या हाताला कामून? तिकडं तर त्यो आधीच झुकून उभारतोय."

"झुकतोय ते कामून झुकतोय, इचार केलास कधी? डावा अंगठा कच्चा हाय त्याचा. खालून लागला की निखळणार."

हावगेप्पा पूजेतल्या बॉलकडं बघत राहिला. "मामा, तुमच्या ताटात जेवलेलं माणूस हाय ते."

"जेवला म्हणूनच मला ठावं हाय कुठलं हाड कच्चं हाय."

"आन सोजरामावशीला कळलं तर?"

"तुला बॉल मारायचाय का मावशीची परवानगी काढायचीय?"

"बॉल मारायला मी भीत न्हाई," हावगेप्पा म्हणाला. "मावशीच्या लाटण्याला भितो. ते टप्पा न घेता येतंय." पण जाताना तो हसला नाही.

दसऱ्याच्या सकाळी ग्यानबानं पूजा हलवली आणि बॉल मांडीवर घेतला. दर वर्षी तो तेल भरपूर चोळायचा, कातडं मऊ पडायचं. या वर्षी त्यानं नुसतं बोट फिरवलं. पंप मात्र थांबवला नाही. सोजराबाई तोरण बांधता बांधता बघत होती.

"किती भरायलाव? दगड झालाय त्याचा."

"दगडच पायजे."

"कुणासाटी?"

तो नाडी ओढत राहिला. नाडी बोटात रुतून पांढरा वळ उठला तरी ओढत राहिला. सोजराबाईनं तोरणातली झेंडूची एक कळी तोडून टाकली, ती किडकी होती म्हणून.

सामन्याला आसपासची गावं लोटली होती. पोरं अनवाणी, टोप्यांत घटाचे पिवळे कोंब खोवलेले. गोल म्हणजे दोन वासे आणि वर सुंभ. ग्यानबा एरवी मधल्या रेघेपाशी उभा राहायचा. या वेळी उत्तरार्धात तो सरळ उदगीरच्या गोलामागं जाऊन उभा राहिला.

हावगेप्पानं पहिला बॉल खाली मारला, डावीकडं. अंबाजीनं अंग टाकून तो उजव्या हातानं काढला. दुसरा आला. तोही डावीकडं, खाली. अंबाजीनं तो पायानं तोडला. तिसरा तिथंच आला तेव्हा तो उठताना थांबला. त्यानं आधी हावगेप्पाकडं पाहिलं. मग मान वळवून मागं पाहिलं, सरळ ग्यानबाकडं.

ग्यानबानं नजर काढली नाही. कळू दे. कुणी सांगितलं ते कळल्याशिवाय काय मजा. अंबाजीनं हळूच मान हलवली, पंचाचा निकाल कबूल करावा तशी, आणि पुन्हा समोर वळला.

चौथा बॉल वासा सोडून गेला असता तर बरं, असं क्षणभर ग्यानबाला वाटलं. मग तो विचार त्यानं थुंकून टाकला. बॉल वाशाच्या आतूनच येत होता. मातीतून टप्पा घेऊन वर उसळला. उजवा हात पोचणार नव्हता. अंबाजीनं डावा घातला, उघडा, पूर्ण. बॉल अडला. गोल झाला नाही. पण करकरीत ऊस मोडावा तसा आवाज झाला. गोलामागं उभ्या असलेल्या माणसालाच ऐकू यावा एवढा लहान आवाज. ग्यानबाला तो नीट ऐकू आला. त्याच्या पोटात काहीतरी ऊन ऊन पसरलं. सहा वर्षांनी.

अंबाजी बाहेर गेला नाही. डावा हात सदऱ्याच्या बटणांत खुपसून तो एका हातानं उभा राहिला. शेवटी हावगेप्पानं पाचवा बॉल मारला तो उजवीकडं, वर. डावीकडं मारला नाही. एका हातानं तो अडणारा नव्हताच. गोल झाला. हलग्या वाजल्या, हावगेप्पाला खांद्यावर घेतलं, ढाल भालकीत राहिली. ग्यानबाच्या पाठीवर थापा पडत होत्या. त्याला त्या बैलाच्या शेपटीच्या फटक्यांसारख्या वाटत होत्या.

आता राहिलं होतं ते दारातलं. मोडलेल्या हातानं पानं घेऊन तो येईल, "मामा" म्हणेल, आणि आपण पाठ फिरवू. या वर्षीची पाठ वेगळीच असेल.

गाव शिवेवरून परतलं. ग्यानबा धुतलेला फेटा बांधून ओसरीवर बसला. माणसं येत होती, पानं देत होती. त्याच्या खिशात पानांचा पाचोळा साठला. हावगेप्पा आला, पाया पडला, सोजराबाईकडं न बघता निघून गेला. दिवेलागण झाली. प्रत्येक सावलीला ग्यानबा अर्धा उठायचा, पाठ फिरवायच्या तयारीनं, आणि बसायचा.

"कुणाची वाट बघायलाव?" सोजराबाईनं विचारलं.

"कुणाची न्हाई."

"त्यो न्हाई यायचा. हावगेप्पाच्या बायकोनं सांगिटलं मला, काल इथं काय बोलणं झालं ते." ती आत वळली. "लोणी माझ्या हातचं व्हतं. तुमच्या बापाचं न्हवतं."

ग्यानबा उठला आणि स्टेशनकडं चालू लागला. समजूत घालायला नव्हे, तो स्वतःशीच म्हणत होता. आपलं त्याच्याकडून येणं बाकी आहे. दर वर्षीचं आहे ते त्यानं बुडवून जायचं नाही.

फलाटावर उदगीरची पोरं गप्प बसली होती. अंबाजी एका लाकडी पेटीवर टेकला होता. अंगठ्याला कुणीतरी रुमाल गुंडाळला होता, पण उलट्या बाजूनं, सांधा न बसवताच. ग्यानबाचं बघताच डोकं उठलं. असं बांधतात होय? त्याचे हात आपोआप पुढं झाले.

"सोड ते. वाकडं बसंल. गाडीला अजून टाईम हाय, मी बसवतो."

"ऱ्हाऊ द्या मामा."

"जन्माचं वाकडं ऱ्हाईल, म्हणलो ना."

"ऱ्हाऊ द्या की. वाकडं बसलेलं मला एकट्यालाच ठावं ऱ्हाईल." अंबाजीचा आवाज चढला नव्हता. "तुमी बांधलेलं कुठं कच्चं ऱ्हातंय ते तुमाला ठावं व्हतंय."

सिग्नल पडल्याचा आवाज आला. मग ग्यानबा म्हणाला, "यंदा पानं दिली न्हाईस."

"टोपी उचलली ते चुकलंच माझं. ते फेडायला येत व्हतो दर वर्साला. आज फिटलं."

सहा वर्षांत पहिल्यांदा ग्यानबाला टोपीची कबुली मिळाली, आणि ती कुठं ठेवायची हे त्याला कळेना. त्याचा हात खिशात गेला. मोठ्यानं लहानाला आधी पान देणं गावात कुणी पाहिलं नव्हतं. चुरगळलेलं एक पान त्याच्या बोटात आलं. त्यानं ते पुढं केलं.

"घे."

अंबाजी पेटीवरून उठला. त्यानं ग्यानबाकडं पाठ केली आणि रुळांच्या पलीकडं, जिथं बघण्यासारखं काही नव्हतं तिथं, बघत उभा राहिला. खांदे सैल, मान किंचित डावीकडं, घाई नाही. ग्यानबानं ती पाठ ओळखली. ती त्याचीच होती. सहा वर्षं समोर उभं राहून त्या पोरानं ती शिकून घेतली होती.

गाडी आली आणि गेली. ग्यानबा पान हातात घेऊनच घराकडं निघाला. मैदानाजवळ आल्यावर त्याचं डोकं जुन्या वाटेला लागलं. पुढच्या दसऱ्याला अंबाजी येणार. डावा हात आता वाकडा बसेल, पण कसा वाकडा, कुठल्या बाजूनं, ते कळणार नाही. मग उजवा खांदा? गुडघा? तो चुन्याच्या रेघेवर थांबला आणि आठवू लागला. आठवून आठवून त्याच्या हाती तेवढा एक अंगठाच येत होता. त्या पोराचं दुसरं काहीसुद्धा त्याला माहीत नव्हतं.